दोन, फार तर अडीच

सरोवराच्या उत्तर काठावरच्या आमच्या गावात कुणाला काही दुखत नाही. म्हणजे हाडं मोडतात, बोटं करवतीखाली जातात, हृदयं बंद पडतात. पण दुखत नाही. "कसं काय?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "तसं बरंय." अंगावर झाड कोसळलं तरी तसं बरं असतं आणि लॉटरी लागली तरी त्याहून फार बरं नसतं. अशा गावात कॉरीन टोलेफसनच्या वाट्याला काम काय यावं, तर लोकांना त्यांच्या वेदनेचा आकडा विचारण्याचं.

कॉरीन इथल्या चौदा खोल्यांच्या इस्पितळात सतरा वर्षं नर्स होती. त्यातल्या शेवटच्या काही वर्षांत वरून फर्मान निघालं, की नाडी, ताप, रक्तदाब यांच्याबरोबर वेदनाही मोजायची. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे कल्पनेपलीकडची. सोबत एक तक्ता आला. त्यावर सहा गोल चेहरे होते; पहिला हसरा, शेवटचा ढसाढसा रडणारा. कॉरीनने शिडीवर चढून तो चौदाही खोल्यांत स्वतःच्या हाताने चिकटवला आणि खाटेखाटेशी जाऊन विचारायला सुरुवात केली.

अर्ल नावाच्या एका लाकूडतोड्याने आपला तुटलेला अंगठा रुमालात गुंडाळून, खिशात घालून आणला होता. "दोन," तो म्हणाला. मग आपण फारच फुशारकी मारतोय असं वाटून त्याने पुस्ती जोडली, "फार तर अडीच." छातीत कळा येत असलेल्या एका म्हातारबांनी तक्ता नीट निरखला, शेवटच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ह्या गृहस्थाला झालंय तरी काय?"

कॉरीनला या लोकांची गंमत वाटायची. आपण त्यांच्यातल्या असलो तरी शिकून सुधारलोय, अशी तिची स्वतःविषयी समजूत होती. त्या समजुतीच्या भरात तिने नर्सांसाठी एक नियमांचा कागद तयार केला. रुग्ण सांगेल तोच आकडा. तर्क लढवायचा नाही. गळ घालायची नाही. एकदा विचारा, लिहा, पुढे चला. इस्पितळाच्या मोठ्या बाईंनी कागदाचं कौतुक केलं आणि तो भिंतीवर लावला.

त्यातलं "एकदा विचारा" तिने मुद्दाम घातलं होतं, कारण आमच्याकडे एकदा विचारून कुठलंच काम होत नाही. पहिलं "नको" हा नुसता नमस्कार असतो. दुसऱ्या "नको"चा अर्थ, विचार चाललाय. तिसऱ्यांदा विचारल्यावर "बरं, तुम्ही ओततच असाल तर अर्धा कप" येतं, ते खरं हो. पाहुण्याला तिसऱ्यांदा न विचारणारी बाई आमच्याकडे कंजूष ठरते आणि पहिल्याच फटक्यात हो म्हणणारा पाहुणा हावरा. इस्पितळात हे चोचले नकोत, नव्या जमान्यात नव्यासारखं वागावं, असं कॉरीनचं मत होतं. मत दुसऱ्यांसाठी होतं हे तिला पुढे कळलं.

कारण घरची परंपरा थोर होती. तिचे वडील मोडलेल्या घोट्यावर दोन आठवडे चालले आणि मग बूट घट्ट होतोय अशी तक्रार करत डॉक्टरकडे गेले. कॉरीन आणि तिचा भाऊ रॉजर धरून आई आर्डिस चार वेळा बाळंत झाली आणि चारही वेळांविषयी एवढंच म्हणाली, "दिवस जरा लांबला." कॉरीनने छत्तिसाव्या वर्षी ड्वेनशी लग्न केलं. तो हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ ढकलायचं यंत्र चालवायचा. त्याने मागणी घातली ती "उन्हाळ्यात मी तसा मोकळाच असतो" या शब्दांत, आणि तिने दोनदा विषय बदलून तिसऱ्यांदा होकार दिला. मूल व्हायची आशा दोघांनी सोडली होती. एक्केचाळिसाव्या वर्षी दिवस राहिले तेव्हा ड्वेन उठला, बाहेर जाऊन आपल्या दारातला बर्फ काढला आणि मग शेजारच्या तिन्ही घरांसमोरचाही काढला. इतका आनंद झालेला माणूस कॉरीनने त्याआधी पाहिला नव्हता.

बाळाने पाच आठवडे घाई केली. फेब्रुवारीतल्या एका बुधवारी पहाटे कळा सुरू झाल्या. भूल देणाऱ्या बर्नी लाहटीने पाठीच्या कण्याशी एक बारीक नळी बसवली आणि कळा बोथट केल्या. मग बाळाचे ठोके कमी-जास्त व्हायला लागले, तेव्हा त्याच नळीतून जास्त औषध देऊन सकाळी सातला पोट उघडलं. मुलगा झाला, साडेचार पौंडांचा. रडला, पण श्वास भरभर आणि उथळ. त्याला गुंडाळून धावतच खोलीबाहेर नेलं. कॉरीनला त्याचा एक कान तेवढा दिसला.

थोड्या वेळाने डोना कपूटो आत आली. डोना त्या दिवशीची तिची नर्स. ती न्यू जर्सीची, नवऱ्याच्या बोटीवरच्या नोकरीमुळे दोन वर्षांपूर्वी आमच्यात येऊन पडलेली.

"ऐक," डोना म्हणाली. "पोरगं ठीक आहे, पण फुप्फुसं कच्ची आहेत. शहरातल्या मोठ्या इस्पितळातून त्याला न्यायला गाडी निघालीये. दोनला येईल. संध्याकाळी वादळ आहे, म्हणून ते थांबणार नाहीत. तू किती दिवस त्याच्याकडे जाऊ शकणार नाहीस ते मला माहीत नाही."

"हं," कॉरीन म्हणाली.

"दोनच्या आत तू चाकाच्या खुर्चीत बसू शकलीस तर मी तुला त्याच्याकडे नेते. मांडीवर घे, बघ, हुंग, काय हवं ते कर. पण बसता आलं पाहिजे. नळी मी काढत नाही, तिच्यातून पंप हळूहळू औषध देत राहील. कमी पडलं तर हे बटण. कळलं?"

कॉरीनला हे सगळं पाठ होतं. हजार बायकांना तिने हेच सांगितलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्याचा पहिला अंक लगेच सुरू झाला. तिला एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर न्यायला चार जण आले, तर ही म्हणाली, "कशाला एवढे जण? मी सरकते ना." पाय बधिर, पोटाला ताजे टाके, आणि बाई कोपरांवर जोर देऊन पाठ घासत सरकली. सगळ्यांनी कौतुक केलं. पाठीवरची पट्टी कुठेतरी ओढली गेल्यासारखं तिला वाटलं, पण तेवढ्यासाठी कुणाला त्रास द्यायचा?

दहाच्या सुमाराला पायांत मुंग्या आल्या. साडेदहाला पोटात कुणीतरी चिमटा लावून पिळायला घेतलं. कॉरीनने बटण दाबलं. काही झालं नाही. तिने पुन्हा दाबलं, जरा अदबीने. पाठीखालची चादर ओली लागत होती. घाम आला असेल, ती मनाशी म्हणाली.

"आकडा?" डोनाने दारातून विचारलं.

कॉरीनने तोंड उघडलं, आणि आत तिचे वडील, आजोबा आणि नॉर्वेहून बोटीने आलेले पणजोबा ओळीने उभे असावेत तसा आवाज आला, "दोन."

"बर्नीला बोलावू का? बघेल एकदा."

"नको, नको. जेवायला बसेल आता बिचारा. आज बुधवार." बुधवारी कँटीनमध्ये बटाटा-खिम्याचं हॉटडिश असतं आणि त्यासाठी बर्नी काहीही सोडतो, हे सगळ्या इस्पितळाला माहीत होतं.

"बरं," डोना म्हणाली, दोन लिहिलं आणि गेली.

गेली! कॉरीन दाराकडे बघत राहिली. अजून दोनदा विचारायचं बाकी होतं. पण डोनाच्या गावात नको म्हणजे नको, हो म्हणजे हो, आणि दोन्ही ओरडून सांगायचं. शिवाय ती अगदी कागदावर लिहिल्याप्रमाणे वागत होती: एकदा विचारा, लिहा, पुढे चला. कागद खाली सहीनिशी कुणाचा होता हे सांगायला नको. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसरीही एक भीती होती. मोठा आकडा सांगितला तर ते झोपेचं काहीतरी टोचतील, उठायला मनाई करतील, आणि दोन वाजता गाडी निघून जाईल. म्हणून साडेअकरालाही तिने दोनच सांगितलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार हे आमच्या गावाचं राष्ट्रगीत असतं तर कॉरीन त्या वेळी उभी राहून ते गात होती. फक्त उभं राहता येत नव्हतं.

बाराला आई आली. आर्डिसच्या एका हातात कॉफीचा थर्मास, दुसऱ्यात लिंबाच्या वड्यांचा डबा. एकाहत्तर वर्षांची बाई बर्फातून अकरा मैल गाडी चालवत आली होती.

"कशी आहेस?"

"तसं बरंय. रस्ता कसा होता?"

"तसा बरा होता."

दोघी खिडकीबाहेर बघायला लागल्या. आमच्याकडे याला गप्पा म्हणतात.

साडेबाराला ड्वेन आला. तो सकाळपासून बाळाच्या काचेच्या पेटीपाशी उभा होता. त्याने टोपी काढून हातात फिरवली. "त्याने माझं बोट धरलं," तो म्हणाला. मग टोपी परत डोक्यावर घालत, "तू ये ना बघायला. लवकर ये." एवढं बोलून तो घाईने परत गेला, कारण डोळे भरून आले होते.

कॉरीनने उठायचं ठरवलं. तिने खाटेचा कठडा धरला आणि मान उचलली. पोटातून जे निघालं ते मणक्यात, खांद्यात, दातांत गेलं. ती उशीवर परत आदळली. समोरच्या भिंतीवर तक्ता होता, तिनेच चिकटवलेला, जरासा तिरका. सहावा चेहरा रडत होता. म्हातारबांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कॉरीनला त्या क्षणी पुरतं ठाऊक झालं.

"काही म्हणालीस का?" आर्डिसने विचारलं.

"नाही."

"मला वाटलं, काहीतरी म्हणालीस."

भिंतीवरच्या घड्याळात बारा अडतीस झाले होते. आपण हिशेबाने असंच सभ्यपणे पडून राहिलो तर ऐंशी मिनिटांनी मुलगा जाईल, आणि आपल्याला त्याचा एक कान ठाऊक असेल, हे कॉरीनला लख्ख दिसलं. भीड भिकेची बहीण. पण इथे भीक मागायचीही भीड पडली होती. तिने नर्सला बोलवायची घंटा दाबली. सतरा वर्षांत दुसऱ्यांच्या घंटांना धावत गेलेली बाई स्वतःची घंटा दाबताना चोरी करत असल्यासारखी शरमली.

"आकडा?" डोना.

"तीन," कॉरीन म्हणाली. डोना लिहायला लागली. "म्हणजे चार. पाच म्हटलं तरी..." लिलावात घाबरत बोली लावणाऱ्यासारखी ती चढत होती. कोपऱ्यात आर्डिसने डब्याचं झाकण उगाचच उघडून बंद केलं. "नऊ," कॉरीन म्हणाली. "माफ कर."

डोनाने पेन खाली घेतलं. "नऊ? तासाभरापूर्वी दोन होते!"

"दोन कधीच नव्हते."

"अगं बये! मग बोलली का नाहीस? मी विचारलं ना, बर्नीला बोलावू का?"

"परत विचारलं नाहीस!"

"परत? तूच कागदावर लिहिलंयस, एकदा विचारा!"

"ते दुसऱ्यांसाठी लिहिलं होतं," कॉरीन म्हणाली. ती हसायला लागली, आणि हसल्याने टाके असे काही ओढले की ती किंचाळली. खरोखरची, खणखणीत किंचाळी. बाहेरून जाणाऱ्या कुणीतरी "सॉरी" म्हटलं.

बर्नी लाहटी गळ्यात रुमाल अडकवलेलाच आला. तिला कुशीवर वळवून त्याने पाठ बघितली आणि शीळ घातली. "नळी बाहेर आलीये. सकाळपासून औषध गादीला मिळतंय." त्याने ओली चादर चाचपली. "गादी एकदम मजेत आहे. तिला उठवून बसवूया का?"

"बर्नी, तुझं हॉटडिश गार होईल," कॉरीन दात आवळून म्हणाली.

"गप्प बस, कॉरीन. गुडघे पोटाशी घे. नवी बसवतो."

ताज्या टाक्यांवर गुडघे पोटाशी घेणं म्हणजे काय ते लिहिण्यात अर्थ नाही. आर्डिस उठून समोर आली आणि तिने मुलीचे खांदे धरले. या घरात लोक एकमेकांना अंत्यविधीलाच धरतात, तेही थोडक्यात. कॉरीनचं कपाळ आईच्या लोकरी जाकिटात रुतलं. वरून आवाज आला, फार हळू.

"रॉजरच्या वेळी मला वाटलं होतं, मी मरते आहे."

"तू तर दिवस जरा लांबला म्हणाली होतीस."

"लांबलाच होता."

मग आर्डिसने खांदे आणखी घट्ट धरले, आणि कॉरीन आईच्या जाकिटात तोंड खुपसून मनसोक्त रडली. तिला त्याची लाज वाटली नाही. निदान तेवढा वेळ.

एक चाळीसला पोटातला पीळ सुटायला लागला. दोन नर्सांनी आणि बर्नीने उचलून तिला खुर्चीत बसवलं, आणि या वेळी ती "मी सरकते" म्हणाली नाही. डोना खुर्ची ढकलत जवळजवळ पळत होती. पण गाडी दहा मिनिटं आधीच आली होती. बाळाच्या खोलीसमोर प्रवासाची पेटी उभी होती, झाकण लागलेलं, तारा जोडलेल्या. आत तो होता. दोन कान, एक नाक, आणि कुणावर तरी चिडल्यासारखी कपाळाला आठी. ड्वेन अंगात कोट घालून पेटीशी तयार उभा होता.

शहराच्या इस्पितळातून आलेली नर्स घड्याळ बघत म्हणाली, "तुम्ही आई का? श्वास आता जरा बरा आहे त्याचा. काही मिनिटं घ्यायचंय का जवळ? सगळं परत उघडावं लागेल, पण उघडू."

"नको, नको," कॉरीनच्या तोंडून निघालं. "तुम्हाला उशीर होईल, कशाला एवढा..."

ती बाई मान हलवून वळली. तिचा हात पेटीच्या दांडीवर गेला. ती शहरातली होती. ती पुन्हा विचारणार नव्हती.

"हो!" कॉरीन ओरडली. "मला हवाय. उघडा. आता उघडा."

गाडीचा ड्रायव्हर आमच्याच भागातला होता. कुणी एवढी थेट मागणी केलेली ऐकून त्याने जमिनीकडे बघितलं. मग तो घसा खाकरून म्हणाला, "बर्फ सुरू व्हायच्या आत..."

"कॉफी घ्या ना," आर्डिस त्याच्यापुढे येऊन म्हणाली.

"नको, नको, निघतोच आहोत."

"वाटेत गार वाटेल. ही लिंबाची वडीही आहे."

"अहो नको, खरंच, तुम्ही कशाला..."

आर्डिस त्याच्याकडे शांतपणे बघत राहिली. घाई केली नाही. थर्मासचं झाकण तिने आट्यागणिक उघडलं, कप रुमालाने पुसला, वडी कागदावर ठेवली, आणि मग कुठे तिसऱ्यांदा विचारलं.

"बरं," ड्रायव्हर म्हणाला, "ओततच असाल तर अर्धा कप."

अर्धा कप संपायला अकरा मिनिटं लागली. आर्डिसने तो दोनदा भरला. तेवढा वेळ कॉरीनच्या उघड्या छातीवर तिचा मुलगा पालथा पडून होता, गरम, हलका, भरभर श्वास घेत. तिने त्याचे दोन्ही कान बघितले. टाळू हुंगली. त्याच्या पाठीवर हात ठेवून ती काहीबाही बोलत राहिली. आपण त्याच्यावर प्रेम करतो असं त्याला स्पष्ट शब्दांत, चार लोकांसमोर, तीनदा सांगितलं. ड्वेनने तोंड दुसरीकडे केलं नाही.

मग पेटी बंद झाली. ड्वेन गाडीत मागे बसून गेला. आर्डिस रस्ते बंद व्हायच्या आत घरी निघाली. जाताना डबा खाटेशी ठेवून गेली.

चारला डोना आली. खिडकीबाहेर बर्फ आडवा पडत होता. पंप नीट चालत होता, चादर कोरडी होती, टाक्यांपाशी काहीही जाणवत नव्हतं.

"आकडा?" डोनाने विचारलं.

कॉरीनने खिडकीबाहेर बघितलं. "दहा."

डोना झडप घालून पंपाकडे गेली.

"त्याला हात लावू नकोस. तो चालतोय. पोटात शून्य आहे."

"मग दुखतंय कुठे?"

"आता शंभरेक मैलांवर गेलं असेल," कॉरीन म्हणाली.

डोनाने तर्क लढवला नाही, गळ घातली नाही. दहा लिहिलं. पुढे मात्र गेली नाही. खुर्ची ओढून खाटेशी बसली.